ताईचे लाईट बिल

आमच्या वऱ्हाडात विजेला वीज म्हणणारा माणूस विरळाच. वीज ती आभाळात कडाडते ती, आणि क्वचित शेतात एखाद्या झाडावर पडते ती. घरातल्या तारेतून येते तिला 'लाईट' म्हणायचे आणि ती गेली की 'लाईन गेली' असे ओरडायचे. दर महिन्याला दारात येऊन पडणारा कागद म्हणजे 'लाईट बिल'. त्यात पंखा, कूलर, फ्रीज, पाण्याचा टिल्लू पंप सारे काही आले, तरी नाव मात्र दिव्याचेच. ज्या काळी घरात एखादा चाळीसचा बल्ब एवढेच विजेचे काम होते, त्या काळी हे नाव पडले आणि ते तसेच राहिले. नाव जुने राहते आणि आकडे मात्र बदलत जातात. त्या बदललेल्या आकड्यांपैकी एक माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला, त्याची ही हकीकत.

ताई लग्न होऊन खामगावला आली त्याला चाळीसहून अधिक वर्षे झाली. हे गाव कापसाचे. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तोही कापसासाठीच. ताईचे यजमान एका जिनिंग कारखान्यात कामाला होते. ते जाऊन आता बरीच वर्षे लोटली. त्यांच्यामागे ताईला कामगारांच्या निवृत्तिवेतन योजनेतून दरमहा १,००० रुपये मिळतात. २०१४ च्या सप्टेंबरपासून या योजनेतील किमान रक्कमच तेवढी ठरलेली आहे. उरलेला संसार तिच्या शिवणयंत्रावर चालतो. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, आणि पहिल्या कम्युनियनच्या दिवशी मुलींना लागणारे पांढरे झगे. धर्मप्रांतात धर्मगुरूची नेमणूक सहसा नातलगांच्या गावी होत नाही. मला मात्र ते भाग्य लाभले आणि उतारवयाकडे झुकलेली बहीण सायकलच्या अंतरावर आली. चारचौघांत ती मला 'फादर' म्हणते. घरात गेलो की 'अरे' वर येते, आणि रागावली तर लहानपणीचे नाव घेते.

२०२० च्या मार्च महिन्यात, टाळेबंदी जाहीर होण्याच्या चार-पाच दिवस आधी, ताईच्या दिराचा मुलगा पुण्याहून बायको आणि दोन मुलांसह महाराष्ट्र एक्सप्रेसने शेगावला उतरला आणि तेथून ताईच्या घरी आला. तो चाकणकडे एका कारखान्यात कामाला आहे. त्याचे आईवडील लवकर गेले, आणि बारावीपर्यंत तो ताईच्याच हाताखाली वाढला. ताई त्याच्या वडिलांची थोरली वहिनी, म्हणून तो तिला 'मोठी आई' म्हणतो. आला तो आठ दिवसांच्या बेताने. राहिला जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्या दिवसांत कोण कोठे अडकला आणि किती दिवस अडकला याचे हिशेब प्रत्येक घरात निराळे आहेत. वाचकांना ते सांगायला नकोत.

घरात एकाची पाच माणसे झाली. मुलांना पुण्याच्या हवेची सवय. येथे एप्रिल लागला तसा पारा चाळिशीच्या वर गेला आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात विदर्भात उष्णतेची लाट आली. ताईकडे एक जुना पत्र्याचा कूलर होता, तो ती एरवी दुपारी दोन तास लावी. पुतण्याने ओळखीच्या दुकानदाराकडून दुसरा मिळवला. वाळ्याच्या ताट्या बसवल्या. दोन्ही कूलर दिवसरात्र चालू लागले, त्यांच्या टाक्या भरण्यासाठी पंप, पाच जणांच्या स्वयंपाकासाठी फ्रीज, आणि मुले गप्प बसावीत म्हणून दूरदर्शन संच. पुतण्याने किराणा भरला, भाजी आणली, गॅसचे सिलिंडर आणले. याबाबतीत त्याने काही उणे ठेवले नाही. लाईट बिलाचा विषय निघाला नाही, कारण निघण्याजोगे बिलच आले नव्हते. एप्रिलचे बिल ३७२ रुपये आणि मेचेही तेवढेच.

हे कसे घडले ते सांगतो, कारण त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत हेच घडले. मार्च २०२० च्या अखेरीस साथीच्या भयामुळे घरोघर जाऊन मीटर वाचण्याचे काम राज्यभर थांबवण्यात आले. छापील बिले वाटणेही थांबले. वीज नियामक आयोगाच्या सूचनेप्रमाणे ग्राहकांना मागील महिन्यांच्या सरासरीने बिले देण्यात आली. ही सरासरी होती डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीची. म्हणजे थंडीच्या दिवसांत, एकटी बाई राहते त्या घरात जेवढे युनिट जळाले, तेवढेच एप्रिल-मेच्या वणव्यात पाच माणसांनी जाळले असे गृहीत धरले गेले. ताईची सरासरी होती ४५ युनिट. ज्यांना जमेल त्यांनी मोबाईलवरून आपले रीडिंग स्वतः पाठवावे अशी सोय होती. पण ताईसारख्यांना ती ठाऊक असणे कठीण होते, आणि ज्यांना ठाऊक होती त्यांपैकी बहुतेकांनी ती वापरली नाही. त्यातच १ एप्रिल २०२० पासून नवे दर लागू झालेले. जूनमध्ये मीटर वाचणारी मुले पुन्हा फिरू लागली आणि तीन महिन्यांचे साचलेले युनिट एकाच कागदावर उतरले.

ताईच्या मीटरवर मार्चच्या रीडिंगपासून १,०८० युनिट चढले होते. बिल आले ९,७६० रुपयांचे.

पुण्याची मंडळी तेव्हा पास काढून भाड्याच्या गाडीने परत गेली होती. ताईने बिल देव्हाऱ्यासारख्या सजवलेल्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली ठेवले आणि दोन दिवस कोणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा मशीन उघडे होते, पण शिवत काही नव्हती. टाळेबंदीत गणवेश नाहीत, लग्ने नाहीत, कम्युनियनचे सोहळे नाहीत. तिने मुखपट्ट्या शिवून थोडेफार मिळवले होते तेवढेच. दहा महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी रक्कम त्या एका कागदावर छापलेली होती.

माझी पहिली प्रतिक्रिया कोणाही महाराष्ट्रीय माणसाची असते तीच होती. एवढे बिल येणे शक्य नाही, काहीतरी घोळ असला पाहिजे. वर्तमानपत्रेही तेव्हा तेच सांगत होती. जागोजागी बिलांच्या होळ्या होत होत्या. लोकांना मुख्य शंका होती ती टप्प्यांची. आपल्याकडे घरगुती विजेचा दर चढत्या पायऱ्यांचा आहे. त्या वर्षी पहिल्या १०० युनिटांना युनिटमागे ३ रुपये ४६ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत ७ रुपये ४३ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १० रुपये ३२ पैसे आणि त्यापुढे ११ रुपये ७१ पैसे असा आकार होता. शिवाय प्रत्येक युनिटमागे १ रुपया ४५ पैसे वहन आकार, महिन्याला १०० रुपये स्थिर आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. आता तीन महिन्यांचे युनिट जर एकाच महिन्याचे म्हणून धरले, तर गरीब माणूस विनाकारण सर्वांत वरच्या पायरीवर जाऊन बसतो. लोकांना वाटत होते की तसेच झाले आहे.

सेमिनरीत असताना नागपूरला आम्हाला तर्कशास्त्र शिकवणारे फादर म्हणत की, राग येऊ द्या, पण आधी आकडेमोड करा. मी ताईच्या ओट्यावर बसलो आणि मुलांच्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. १,०८० युनिट तीन महिन्यांत विभागले तर महिन्याला ३६०. त्यातील पहिले शंभर पहिल्या पायरीवर, दोनशे दुसऱ्या, साठ तिसऱ्या. वीज आकार २,४५१ रुपये २० पैसे. वहन आकार ५२२. स्थिर आकार १००. त्यावर शुल्क. महिन्याचे झाले ३,५६५ च्या आसपास, तीन महिन्यांचे १०,६९५. त्यातून आधीच्या दोन सरासरी बिलांचे ७४४ रुपये वजा केले की उरतात सुमारे ९,९५०. मी सोयीसाठी सर्व दिवसांना नवा दर धरला होता. मार्चमधील दिवसांचा दर जुना आणि कमी, म्हणून बिलातला आकडा माझ्या आकड्याच्या थोडा खाली. उलट सारे युनिट एकाच महिन्याच्या पायऱ्यांवर चढवून पाहिले, तर एकूण १४,५६२ रुपये होत होते. म्हणजे जवळजवळ ३,९०० रुपयांचा फरक. बिलात टप्प्यांचा लाभ दिलेला होता.

मग युनिट तरी खरे का? मीटरसमोर उभा राहिलो. नव्या मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने फिरतात. तारीख येते, वेळ येते, दाब येतो आणि मग युनिट येतात. पुष्कळदा माणसे भलताच आकडा टिपून घेतात आणि वादाला जातात. युनिटचा आकडा येईपर्यंत थांबलो. तो बिलाशी जुळत होता. घरातील सारी बटणे बंद केली तर मीटरचा दिवा लुकलुकत नव्हता, म्हणजे कोठे गळती नव्हती. कूलरचे दोनशे वॅट, दिवसाचे वीस तास, असे दोन कूलर. त्यांचेच दिवसाला आठ युनिट. महिन्याचे दोनशे चाळीस. बाकी फ्रीज, पंखे, पंप. हिशेब चोख बसत होता.

बिल खोटे असते तर मार्ग सोपा होता, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. खोट्या बिलाशी भांडता येते, आणि कसे भांडावे हे आपल्या लोकांना ठाऊक असणे जरूर आहे म्हणून येथे थोडे विषयांतर करतो. २००३ च्या वीज कायद्यातील ५६ वे कलम सांगते की, थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. त्याच कलमात अशीही तरतूद आहे की बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती 'निषेधासह' भरावी, म्हणजे वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. दोन वर्षांहून जुनी थकबाकी, ती मधल्या काळात बिलांवर सतत दाखवलेली नसेल तर, वसूल करता येत नाही. आधी कार्यालयात लेखी अर्ज आणि त्याची पोच, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्यावर विद्युत लोकपाल, ज्यांचे एक कार्यालय मुंबईला आणि दुसरे नागपूरला आहे. वकील लावावाच लागतो असे नाही. तोंडी भांडण करून घरी येऊन कपाळाला हात लावणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पोच घेतलेला एक साधा कागद त्याहून अधिक काम करतो.

परंतु ताईचे बिल खरे होते. वीज जळाली होती. प्रश्न एवढाच होता की ती जाळली कोणी आणि भरायची कोणी.

मी सरळ म्हणालो, "ताई, पुण्याला फोन कर. त्याला सांग. निम्मे तरी तो देईल."

ताईने माझ्याकडे असे पाहिले की मी जणू प्रवचनात काही पाखंड बोललो आहे. म्हणाली, "पाव्हन्यापाशी पंख्याचे पैसे मांगते का कोनी?"

"तो पाहुणा कसला? घरचा मुलगा आहे."

"मंग तर आनखीच नाही."

या उत्तरातील तर्क माझ्या सेमिनरीतील कोणत्याही आकृतीत बसत नव्हता, पण त्याला उत्तरही सुचत नव्हते. पाहुणा असेल तर मागायचे नाही कारण तो पाहुणा, आणि घरचा असेल तर मागायचे नाही कारण तो घरचा. तिला माहीत होते आणि मलाही माहीत होते की एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत त्याला निम्माच पगार मिळाला होता, आणि कारखाना पुन्हा केव्हा पुरता सुरू होईल याचा भरवसा नव्हता. पुण्यातील भाड्याच्या खोलीचे भाडे तर या तीन महिन्यांतही चढतच होते. गरिबाचा देणेकरी गरीबच असला की न्याय कोणाच्या बाजूने मागायचा हे कळेनासे होते.

मला लूकच्या शुभवर्तमानातील त्या अन्यायी कारभाऱ्याची आठवण झाली. तो मालकाच्या कुळांना बोलावून त्यांच्या खात्यावरचे शंभर मापे तेल पन्नास करतो, शंभर मापे गहू ऐंशी करतो. हा दाखला आम्हा प्रवचनकारांना नेहमी अवघड जातो, कारण धनी त्या लबाडाचीच वाहवा करतो. त्या जूनमध्ये मात्र मला तो कारभारी बरा वाटू लागला होता. कोणीतरी लेखणी घेऊन ९,७६० चे ५,००० करावेत अशी आशा महाराष्ट्र सरकारकडून लोक बाळगून होतेच. महावितरणने तीन मासिक हप्त्यांची सवलत दिली आणि एकरकमी भरणाऱ्यास दोन टक्के सूट दिली. माफीची चर्चा पुढे कित्येक महिने चालली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्या वेळचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी, वापरलेल्या विजेचे बिल भरावेच लागेल, असे सांगितले. त्या बाजूनेही म्हणण्यासारखे काही नव्हते असे नाही. खामगावहून अकोल्याकडे जाताना पारसच्या औष्णिक केंद्राची धुराडी दिसतात. तेथे अडीचशे मेगावॅटचे दोन संच आहेत, आणि सारा देश घरात बसला असताना तेथील कामगार पाळ्या करीत होते, कोळसा येत होता, म्हणूनच आपले कूलर फिरत होते. त्या कोळशाचे आणि त्या पाळ्यांचे पैसे कोणी तरी द्यायचेच असतात. हे सारे मला पटते. तरी एका शिंपीण बाईने एका कागदावर ते सगळे एकदम द्यावेत हे गळी उतरत नव्हते.

त्या आठवड्यात मी वीज कार्यालयात गेलो. बाहेर चुन्याची वर्तुळे आखलेली, प्रत्येकात एक माणूस, तोंडाला पट्टी, हातात बिल. आत एक तरुण कारकून होता. त्याने त्या दिवशी किती जणांच्या शिव्या ऐकल्या असतील देव जाणे, पण माझा कागद पाहून म्हणाला, "फादर, तुम्ही तर आमचंच काम करून आणलं." त्याने ताईच्या हप्त्यांची नोंद केली. सव्वातीन हजारांचे तीन हप्ते, शिवाय चालू बिल. ही बातमी आमच्या धर्मग्रामात पसरली आणि मग सायंकाळी एकेक कुटुंब बिल घेऊन धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर येऊ लागले. तेव्हा चर्चची दारे लोकांसाठी बंदच होती. ती उघडली नोव्हेंबरच्या १६ तारखेला, दिवाळीच्या पाडव्याला. मिस्सा मी एकटाच करीत होतो. भाविक भेटत ते बिलाच्या निमित्ताने, सहा फुटांवरून. कोणाच्या घरी किती माणसे राहून गेली, कोणाचा मुलगा मुंबईहून पायी आला, कोणाचे सासू-सासरे येऊन अडकले, हे मला त्या युनिटांवरून कळत गेले. कबुलीजबाबाच्या खुर्चीत बसूनही घरांतले इतके कळत नाही. पुष्कळ घरांत ताईच्याच घरातला प्रश्न होता. बिल एकाच्या नावावर आणि वारा घेतलेला दहा जणांनी.

आणि आता मूळ गोष्टीकडे येतो.

एके दिवशी मी ताईकडे बसलो असता पुण्याहून फोन आला. मुलांची चौकशी झाली, पगाराची झाली. मग त्याने विचारले असावे, कारण बातम्या तोही पाहत होता. ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "नेहमीसारखंच आलं रे बाबा. तू पोराईकडं पाह्य." आणि फोन ठेवून दिला.

मी काही बोललो नाही. ती शेवटी म्हणाली, "काय पाहून रायला? सांग, पाप हाय का?"

वाचकहो, या प्रश्नावर आमच्या शास्त्रात पुष्कळ शाई खर्च झालेली आहे. संत ऑगस्टीन यांनी असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि कोणतेही असत्य, कितीही चांगल्या हेतूने बोललेले असो, ग्राह्य मानले नाही. इजिप्तमध्ये इब्री मुलांना वाचवण्यासाठी फारोशी खोटे बोललेल्या त्या दोन सुइणींचाही त्यांनी विचार केला आहे. देवाने त्यांचे भले केले ते त्यांच्या दयेसाठी, असत्यासाठी नव्हे, असा त्यांचा निर्वाळा. संत थॉमस अक्विनास यांनी असत्याचे प्रकार लावले. दुसऱ्याचे नुकसान करणारे, गंमतीचे, आणि दुसऱ्याच्या उपयोगाचे. तिसरे सौम्य खरे, पण दोषमुक्त नाही. परीक्षेत मी हे सारे लिहून उत्तम गुण मिळवले होते. तीस वर्षांनंतर समोर परीक्षक नव्हते, बहीण होती, आणि तिच्या मागे तसबिरीखाली तो कागद होता. मी तिला सुइणींची गोष्ट सांगितली. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "देवानं त्याईचं भलं केलं ना? मंग झालं." ऑगस्टीन यांचा भेद तिने असा एका वाक्यात निकालात काढला. मी आग्रह धरला नाही. सत्य सांगायचे ते तिने सांगायचे होते, मी नव्हे. जे माझ्या कानावर पडले ते पुण्याला कळवण्याचा मला अधिकार नव्हता असे मी मानले आणि आजही मानतो.

पहिला हप्ता ताईने पोस्टातील बचतीतून काढून भरला. दुसऱ्या हप्त्याच्या दिवशी ती खिडकीवर पोचली तेव्हा कारकुनाने संगणकात पाहून सांगितले की, यावर काही बाकी नाही. पूर्ण भरले आहे. ताई तेथून तडक माझ्याकडे आली. चारचौघांत असूनही तिने मला 'फादर' म्हटले नाही, यावरून तिचा राग ओळखावा. "तुझ्यापाशी कुठून आले इतके पैसे? गरिबाच्या पेटीतले तर नाही?" धर्मगुरूला मिळणारा भत्ता किती असतो हे तिला पक्के ठाऊक आहे. मी भरले नाहीत हे मी शपथेवर सांगितले. धर्मगुरूच्या शपथेवरही तिचा विश्वास बसला नाही. ज्या बाईने तीन आठवड्यांपूर्वी स्वतः भल्यासाठी खोटे बोलून दाखवले होते, तिला मीही तेच करीत असल्याचा संशय यावा हे तसे स्वाभाविकच होते.

आठ दिवसांनी पुतण्याचा मला फोन आला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत त्याने ताईचे एक बिल मोबाईलवरून भरले होते, त्यामुळे तिचा बारा आकडी ग्राहक क्रमांक त्याच्या फोनमध्ये राहिला होता. फोनवर ताईचे 'नेहमीसारखंच' ऐकल्यावर त्याने क्रमांक टाकून पाहिले. पुढे आले ते आकडे. ताई जे बोलली ते, आणि पडद्यावर जे होते ते. त्याने पत्नीला दाखवले. दोघांनी मिळून कारखान्याच्या पतपेढीतून उचल घेतली आणि उरलेली रक्कम एकाच वेळी भरून टाकली. "फादर मामा," तो म्हणाला, "मोठ्या आईला सांगू नका. तिनं मला सांगितलं नाही ना, मग मीही सांगत नाही."

अशा रीतीने मी एकाच बिलाच्या दोन बाजूंची दोन गुपिते सांभाळणारा माणूस झालो. दोघेही आपापल्या जागी खोटे बोलत होते, किंवा खरे सांगत नव्हते, आणि दोघांनाही दुसऱ्याचे माहीत असल्याचा मला संशय आहे. त्या वर्षी ताईने पुण्याला एस. टी.च्या पार्सलने कुरडया, पापड आणि वाळवणाच्या मिरच्यांचा जो डबा पाठवला, तो नेहमीपेक्षा बराच जड होता. मी विचारले तर म्हणाली, "पोरं वाढीची हायत."

पुढे २०२२ साली युरोपात युद्धामुळे वायू महागला तेव्हा मी वाचले की, ब्रिटनमध्ये साधारण घराचे वर्षाचे ऊर्जेचे बिल सरकारने हस्तक्षेप करून अडीच हजार पौंडांच्या आसपास रोखून धरले, आणि तरीही ज्यांना घर ऊबदार ठेवणे परवडत नव्हते अशा म्हाताऱ्या माणसांसाठी चर्चच्या सभागृहांची दारे दिवसभर उघडी ठेवण्यात आली. तेथे थंडी, येथे ऊन. तेथील एखादी म्हातारीही लंडनच्या लेकाला फोनवर सगळे ठीक आहे असेच सांगत असेल. त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून आम्हीही मे महिन्यात दुपारी बारा ते चार सभागृह उघडे ठेवतो आणि तेथले दोन मोठे कूलर चालू ठेवतो. ज्यांच्या घरी पत्रे आहेत त्यांनी यावे. काही बाया भाजी निवडायला घेऊन येतात, मुले अभ्यास करतात. बिल धर्मग्रामाच्या नावावर येते आणि ते सूचनाफलकावर सगळ्यांना दिसेल असे लावले जाते. मेचे बिल लावले की त्याखालच्या पेटीत कोण किती टाकतो हे मी पाहत नाही. ताई मात्र पाहते, असा माझा अंदाज आहे.

मागच्या वर्षी मी तिला म्हणालो की, मीटर तिच्या स्वतःच्या नावावर करून घेऊ या. बिल अजून तिच्या यजमानांच्या नावाने येते. अर्ज साधा आहे, मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. ती म्हणाली, राहू दे. महिन्यातून एकदा त्यांचे नाव दारात येते, तेवढे तरी येऊ दे. त्या जूनच्या बिलावरही त्यांचेच नाव होते. पुतण्याने जे भरले ते काकांच्या नावावर भरले.

हे लिहिण्यापूर्वी मी पुतण्याला विचारले. तो म्हणाला, आता पुष्कळ वर्षे झाली, लिहा. ताईला विचारले नाही. हे त्रैमासिक तिच्याकडे पोस्टाने जाते आणि ती चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तेव्हा अंक निघाल्यावर साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी मला तिचा फोन येईल, आणि ती सुरुवात कोणत्या नावाने करते त्यावरून पुढचे मला कळेल.